तुझ्या ओट्यावर आलेलं पीठ

आजे, तुझा दहावा झाला आणि मी बारामतीला परत आले. मेडिकलच्या दुकानात उभी राहते, डॉक्टरांचं अक्षर लावते, गोळ्यांची पाकिटं काढून देते, जेवणाआधी कुठली आणि जेवणानंतर कुठली ते सांगते. संध्याकाळी गिऱ्हाईक जरा कमी झालं की हात आपोआप फोनकडं जातो. आपली ती वेळ. तू माझ्या बापाच्या, अण्णांच्या हातातून फोन ओढून घ्यायचीस आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडायचीस, "मने, काय खाल्लंस?" बरी आहेस का नाही, पोरगी कशी आहे नाही, एकदम पोटावरच. मी चिडायचे. "आजे, माणूस आधी कशी आहेस ते विचारतं." तू म्हणायचीस, "खाल्लं असंल तर बरीच असशील की." आता त्या वेळेला फोन वाजत नाही. मी काय खाल्लं याची जगात कुणालाच पडलेली नाही असं वाटतं, आणि मग मी गिऱ्हाइकावर खेकसते.

दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळ्यांनी हात जोडले. मालनआत्या डोळे पुसत म्हणाली, "माझ्या आईची कायबी इच्छा राहिली न्हाय बघ." मी मागं उभी होते, माझ्या तर डोक्यातच गेलं. इच्छा राहिली नाही म्हणजे काय? तुझं माझं भांडण अर्ध्यावर पडलंय. पैज लागलीय ती तशीच आहे. आणि तू खुशाल निघून गेलीस? आजे, तू भांडण असं मध्येच टाकून उठणारी बाई नव्हतीस. म्हणून हे लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, पण त्यामुळं तुझं कधी काही अडलं नाही, आताही अडणार नाही.

कुणाच्या घरी माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी घेऊन जातात, हे काय फक्त आपल्या डाळजला आहे असं नाही. पण आपल्या वस्तीवर या भाकरीचा सगळा कारभार तुझ्याकडं होता. तो कुणी दिला आणि तू कधी घेतलास, मला माहीत नाही. मला कळायला लागल्यापासून असंच होतं. बातमी आली की घराघरातून एकेक बाई ज्वारीचं पीठ घेऊन आपल्या ओट्यावर यायची. कुणाची ताटली, कुणाचं वाडगं, कुणाचं सुपात ओतलेलं. बोलावणं नाही, निरोप नाही. पीठ ठेवायचं आणि बाह्या सावरून बसायचं. तू परसातली दोन तोंडांची मोठी चूल पेटवायचीस. एका तोंडावर बेसनाचं पातेलं, एकावर तवा. तू थापायचीस आणि समोरच्या घरातली नजमाचाची भाजायची. तिच्या नवऱ्याचं हायवेला पंक्चरचं दुकान, म्हणून आम्ही पोरं तिला पंक्चरवाली चाची म्हणायचो, आणि तू आमच्या पाठीत धपाटा घालायचीस. एखादी बाई ओट्यावरच गळा काढायला लागली की तुझा आवाज चढायचा. "रडायचं ते मागनं रडा. आदी परात घ्या हिकडं."

मी लहान असताना तू मला बरोबर न्यायचीस. चटणीची वाटी सांभाळायचं काम माझं. मला आठवतं ते शेवंताकाकूंचं घर. त्यांचा नवरा अचानक गेला होता. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हत्या. बायका चारही बाजूंनी मागं लागलेल्या. खा गं बाई, पोरांकडं बघून खा, एक घास तरी खा. काकू ढिम्म. तू जाऊन शेजारी बसलीस. खा म्हणालीच नाहीस. भाकरी मोडता मोडता, जणू बाजाराला निघताना रस्त्यात भेटलीस, तसं विचारलंस, "शेवंता, काळी शेळी आज कुणी सोडली गं?"

काकू म्हणाल्या, "थोरल्यानं."

"व्यायला झाली असंल न्हवं?"

"झाली. ह्या अमावशेपतूर व्यायची."

"मागच्या खेपंला दोन दिली व्हती का तीन?"

"दोन. एक पाठ, एक बोकड." आणि बोकडाचं सांगता सांगता काकूंच्या हातात तू घास कधी ठेवलास आणि त्यांनी तो तोंडात कधी घातला, मला समोर बसून कळलं नाही. अर्धी भाकरी त्या शेळीच्या गोष्टीवर गेली. मग काकू थांबल्या आणि पहिल्यांदा तुझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "आक्का, बेसनात मीठ कमी हाय." तू पदराचं टोक पुढं घेतलंस, गाठ सोडलीस. गाठीत मीठ. चिमूटभर त्यांच्या ताटात टाकलंस आणि परत गाठ मारलीस.

येताना मी विचारलं होतं. "आजे, घरी तर तुझं मीठ कधी चुकत नाही. मयताच्या घरीच कसं चुकतं?" तू म्हणालीस, "वय झालं गं." तेव्हा तुझे केस काळे होते आणि तू ज्वारीचं पोतं एकटीनं उचलायचीस. पण मला खरंच वाटलं. पुढं मी मोठी झाले, तुझ्याबरोबर चारदोन घरी आणखी गेले, प्रत्येक ठिकाणी मीठ कमी आणि प्रत्येक ठिकाणी पदराला गाठ. मी तुला चिडवायचे, "आक्काबाई, सुगरण म्हणतात तुम्हाला, आणि मिठाचा अंदाज नाही." तू नुसती हसायचीस. हसताना तोंडावर पदर घ्यायचीस, तोही गाठीचाच.

मग मी लग्न होऊन बारामतीला आले आणि तुझे गुडघे गेले. तुला उपचाराला माझ्याकडं आणलं तेव्हा मला वाटलं होतं, आता ही इथंच राहील. मी पलंग खिडकीपाशी लावला. पोरगी तुझ्या कुशीत झोपायला लागली. तू दिवसभर खिडकीतून बिल्डिंगीतल्या माणसांवर नजर ठेवायचीस आणि मला संध्याकाळी सगळी खबर द्यायचीस. एक दिवस म्हणालीस, "मने, वरल्या मजल्यावर कोनतरी गेलंय."

"तुला कसं कळलं? रडण्याचा आवाज तर नाही."

"दारात चपला वाढल्यात."

खरंच वरच्या काकू गेल्या होत्या. मी दुकानातून येईपर्यंत तू माझ्या गॅसवर बेसन शिजवून ठेवलं होतंस आणि तवा केवढासा म्हणून माझ्या संसाराचा उद्धार चालवला होतास. मी म्हटलं, "आजे, त्यांनी जेवण मागवलं असेल. इथं असं कुणी कुणाकडं जात नाही." तू म्हणालीस, "कुनी जात न्हाय म्हनून तर जायाचं." त्या गुडघ्यांनी जिना चढलीस. एकेका पायरीला आई गं म्हणत होतीस आणि मी मागून डबा घेऊन, कुणी बघू नये म्हणून खाली मान घालून. दार त्यांच्या सुनेनं उघडलं. ती बिचारी अवघडली. "आजी, आम्ही ऑर्डर केलंय हो, येईलच." मला वाटलं, धरणी दुभंगावी. तू ऐकलंच नाहीस. सरळ आत जाऊन त्या काकांच्या शेजारी सोफ्यावर बसलीस. काका कॉलेजातून रिटायर झालेले, इस्त्रीचा सदरा, टाचणी पडली तरी आवाज होईल अशा घरात राहणारे. तू त्यांना विचारलंस, "भाऊ, गॅलरीतला तो गवती चहा कुणी लावला?"

काका म्हणाले, "हिनं." आणि मग ते बोलत राहिले. कुंडी कुठून आणली, माती कुठून आणली, उन्हाळ्यात कुंडी आत घेण्यावरून दोघांचं कसं वाजायचं. तू हं हं करत भाकरी मोडत होतीस. थोड्या वेळानं काका म्हणाले, "मावशी, थोडं मीठ मिळेल का?" घर त्यांचं, स्वयंपाकघर पाच पावलांवर, आणि माणूस मीठ मागतोय तुझ्याकडं! तू पदराची गाठ सोडलीस. त्यांच्या सुनेनं माझ्याकडं बघितलं आणि मी दुसरीकडं बघितलं.

खाली उतरताना मध्यावर बसलीस, गुडघे चोळत. आणि मग इतक्या वर्षांनी सांगितलंस. "मीठ मुद्दाम कमी घालती मी. दुखातलं मानूस कायबी मागत न्हाय मने. पानी दे म्हनत न्हाय, उशी दे म्हनत न्हाय. दिलं तर घेतंय, न्हाय दिलं तर तसंच बसतंय. आळनी लागलं म्हंजी जीभ जागी झाली. मीठ मागाय तरी तोंड उघडावं त्यानं. येकदा मागितलं की मग पानी मागतंय, मग घोंगडं मागतंय. मग काय भ्याव न्हाय."

माझ्या अंगावर काटा आला होता. पण तुझ्यासमोर कबूल करीन तर मी तुझी नात कसली? मी म्हटलं, "एका माणसानं मीठ मागितलं म्हणून तू जिंकलीस असं होत नाही."

"मी कुटं म्हनलं जिकली?" तू उठायला हात पुढं केलास. "वड मला."

आणि त्यानंतर काय केलंस? गावाकडून कुणीतरी सांगितलं, अमकी फार आजारी आहे, आज-उद्याचं काही खरं नाही, की तू गाठोडं बांधायला घेतलंस. डॉक्टर थांबा म्हणत होते. पोरगी पायाला मिठी मारून रडत होती. मी फार बोलले त्या दिवशी. म्हटलं, "मेलेल्या माणसांसाठी गावाला पळतेस, आणि जित्या नातीपाशी राहायला तुला होत नाही." तू गाठोड्याची गाठ मारता मारता थांबलीस. शांतपणे म्हणालीस, "भाकरी मेल्याली खात न्हाईत गं." आणि एसटीत बसून गेलीस. मी अजूनही म्हणते, माझं बरोबर होतं. तू राहिली असतीस तर गुडघे सुधारले असते. तू राहिली असतीस तर मला रोज तुझ्याशी भांडता आलं असतं. मी रागावले होते ते गुडघ्यांवरून नव्हतंच आजे. मला तू हवी होतीस. सगळ्या वस्तीला तू मिळत होतीस आणि मला फोनवर मिळत होतीस, याचा तो राग होता. हे तेव्हा सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटची भेटलीस ती कारखाने सुरू झाले होते तेव्हा. उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता भरला होता, भिगवणपासून गाडी मुंगीच्या पायानं. तू ओसरीत खाटेवर होतीस, एवढीशी झालेली. अण्णा, तुझा एकुलता एक लेक, त्यांना आधीच शुगर, तुझी उठबस करून तेही वाळले होते. मी तुझी नखं काढत बसले. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "आजे, तुझ्यामागं ह्या भाकरीचं काय गं? आता बायका कंपनीत जातात, दुकानात जातात. भिगवणला फोन केला की पार्सल येतं. कुणाला वेळ आहे?"

"येऊ दे की पार्सल. त्यानंबी प्वाट भरतंय." तू डोळे मिटूनच बोलत होतीस. "पर घास कोन देनार?"

"तेच म्हणतेय मी. सगळ्या तुझ्या तोंडाकडं बघणाऱ्या. उद्या तू गेलीस तर आपल्या घरी कोण भाकरी आणणार? कुणी आणणार नाही."

तू डोळे उघडलेस. दात नव्हते, तरी हसलीस. "लाव पैज."

"काय पैज?"

"भाकरी आली तर तू भाकरी कराय शिकायची. ते नकाशे थापती ते न्हाय. चांगली गोल."

"आणि नाही आली तर?"

"न्हाय आली तर मी माघारी यीन आन थापीन."

मी हसले. तुझ्या हातावर हात मारून पैज पक्की केली. हात केवढा हलका लागला.

आजे, तू गेल्याचा फोन आला आणि मी आले. ते सगळं सांगत बसत नाही, तुला ठाऊक आहे आणि मला परत त्यातून जायचं नाही. पण तुला नेल्यानंतरचं तुला ठाऊक नाही, ते ऐक.

पुरुषमाणसं तुला घेऊन मातीला गेली होती. घर एकदम मोकळं झालं. मी उंबऱ्यात बसले होते. तेवढ्यात शेवंताकाकू आल्या, हातात ताटली, ताटलीत पीठ. आपल्या ओट्यावर ठेवली. मागून दुसरी आली, वाडगं घेऊन. मग वरच्या आळीची, खालच्या आळीची, कंपनीतून सुट्टी काढून आलेली एक सून, गळ्यात ओळखपत्र तसंच. एकेक येतेय, पीठ ठेवतेय, पदर खोचून बसतेय. ओटा भरला. त्यांनी परसाकडं बघितलं. चूल थंड. एकमेकींकडं बघितलं. शेवंताकाकूंनी कपाळावर हात मारला. "अगं बया! हितं कुटं आनलं गं आपन? चूल तर हिच्याच घरची बंद!"

बातमी ऐकली आणि पायांना जी वाट माहीत होती त्या वाटेनं आल्या बिचाऱ्या. कुणीच विचार केला नाही. ज्या घरी भाकरी पोचवायची, त्याच घरी पीठ घेऊन आल्या. एक जण हसली. हसता हसता रडायला लागली आणि मग सगळा ओटाच रडायला लागला. परात घ्या म्हणून ओरडायला कुणी नव्हतं.

माझे डोळे कोरडे होते. मी त्या पिठाकडं बघत होते. आजे, खरं सांगू? माझ्या मनात आलं, राहू दे असंच. कुणी उचलू नका. भाकरी येऊच नये आज. कारण नाही आली तर तू माघारी येणार होतीस. तसं बोलणं झालं होतं आपलं. मी गावाला औषधं वाटणारी शिकलेली बाई, आणि त्या ओट्यापाशी बसून मी खरोखर वाट बघत होते.

मग मातीची माणसं परत आली. कडुलिंबाचा पाला तोंडात घातला, चुळा भरल्या, आणि अण्णा तुझ्या रिकाम्या खाटेच्या पायाशी जाऊन बसले. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं आणि शुगरची गोळी मात्र सवयीनं सकाळीच घेतली होती. त्याचं काय होतं ते मला सांगायला नको, माझा रोजचा धंदा आहे तो. कपाळावर घाम आला होता, बोटं थरथरत होती. मी साखरपाणी नेलं. त्यांनी तोंड फिरवलं. मालनआत्या मागं लागली, "आण्णा, माझी शप्पत हाय, येक घास घे." भावकी मागं लागली. अण्णा ढिम्म. भिंतीकडं बघत बसलेले, शेवंताकाकू बसल्या होत्या तसे.

ओट्यावर बायकांचं चाललं होतं, तुमच्याकडं करा, नाही बाई तुमच्याकडं करा, एवढ्या भाकरी गॅसवर कधी व्हायच्या. भावकीतला विकास माझ्याजवळ आला. "ताई, भिगवणला फोन करू का? पार्सल येईल अर्ध्या तासात." माझंच म्हणणं होतं ते, वर्षानुवर्षांचं. मी तोंड उघडलं हो म्हणायला. आणि तेवढ्यात अण्णांचा हात दिसला, खाटेची नवार घट्ट धरलेला. मी म्हटलं, "थांब जरा."

नजमाचाची इतका वेळ एका कडेला बसली होती. तिनं कुणाला विचारलं नाही. उठली, दोन ताटल्या उचलल्या आणि मला म्हणाली, "मने, बाकीचं घे. माझ्याकडं पानी तापवायची चूल हाय." मी दिल्या घरची, मला माहेरचं सुतक नाही. उचललं. मग बाकीच्या उठल्या. रस्ता ओलांडून पीठ पलीकडं गेलं, एवढंच काय ते. कुणी काही बोललं नाही. कुणाच्या मनात असेलच, तर ते तिथंच राहिलं. तू असतीस तर कुणी बोलायच्या आतच बोलली असतीस.

चाचीनं बेसन टाकलं आणि मला परातीपुढं बसवलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "आक्काच्या घरातलं मानूस पायजे." पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच मोडली. दुसरीला चारी बाजूंनी भेगा. शेवंताकाकू नाक ओढत म्हणाल्या, "आक्का हसली असती गं." मी म्हटलं, "हसू दे." पुढच्या जरा बऱ्या झाल्या. गोल म्हणणार नाही. मग दोघीतिघी हाताखाली बसल्या आणि टोपलं भरलं. थापता थापता मला सारखं वाटत होतं की प्रत्येक भाकरीनं मी तुझा परतीचा रस्ता बंद करतेय. पण अण्णांची बोटं थरथरत होती. मी थापत राहिले.

अण्णांच्या शेजारी जाऊन बसले. खा म्हणाले नाही. भाकरी मोडत विचारलं, "अण्णा, ह्या आठवड्यात मोटारीची लाइट दिवसाची हाय का रात्रीची?"

मी आणखी एक तुकडा मोडला. मग म्हणाले, "दिवसाची."

"खालच्या उसाला पाणी झालं का?"

"निम्मं राहिलंय. पाइप फुटलाय मधी."

"कुठं फुटलाय? बांधापाशी?"

"बांधापाशी न्हाय, हिकडं, विहिरीच्या..." आणि हातात घास होता. त्यांनी घासाकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्यांना कळलं. तुझ्याच हाताखाली वाढलेले ते, त्यांना कळणार नाही का? सगळं कळून त्यांनी तो घास तोंडात घातला. मग दुसरा स्वतः मोडला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते जेवत होते. मी तुझे उपकार कधी मानले नाहीत आजे, आपल्यात तशी पद्धत नाही. पण त्या वेळी मानले. माझा बाप तू मला परत काढून दिलास.

सगळ्यांची जेवणं झाली. मी चाचीच्या परसात परात घासायला बसले. चाची शेजारी पातेलं घासत होती. म्हणाली, "मने, पोरगी कितवीला गेली गं आता?"

"चौथीला."

"शाळंला कशी जाती? लांब हाय का?"

"रिक्षा येते. पण रोज सकाळी रडगाणं. दूध नको म्हणते, ओतून टाकते सिंकमध्ये. मी ओरडले की म्हणते, पणजीला फोन लाव, तिला सांगते..." आणि मी थांबले. मी चावत होते. माझ्या ओल्या हातात भाकरी होती, बेसन लावलेली, एक घास कमी. कधी दिली हिनं? मी चाचीकडं बघितलं. ती मान खाली घालून पातेलं घासत होती, जसं काही झालंच नाही.

सकाळपासूनचा तो माझा पहिला घास. आळणी होता.

मला सगळं समजलं आजे. तुझ्या इतक्या वर्षांच्या भाकरीतून ही बाई काय शिकली, ते समजलं. आणि हेही समजलं की मी तोंड उघडलं की संपलं. भाकरी आली असं होणार. मी मागितलं असं होणार. मग तू येणार नाहीस. मी तो घास तोंडात धरून बसले. गिळवेना. रस्त्यापलीकडं आपला ओटा दिसत होता, रिकामा, जिथं तिथं पीठ सांडलेलं. त्या पिठात कोंबड्या फिरत होत्या आणि त्यांना हाकलायला तू बाहेर आली नाहीस. मी बघत राहिले. आली नाहीस.

मग मला रडू आलं. दिवसभरात पहिल्यांदा, मोठ्यानं, लहान पोरासारखं. चाचीनं मला जवळ घेतलं नाही, समजूत घातली नाही. ती तशीच थांबून राहिली.

"चाची," मी म्हटलं, "मीठ कमी हाय."

चाचीनं ओले हात लुगड्याला पुसले, पदराचं टोक पुढं घेतलं आणि गाठ सोडली.